गौरीच्या आराशीतली राणी

१

"अगंबाई, राणी कुठाय?"

सुमेधाकाकूंनी हे इतक्या साध्या आवाजात विचारलं, की आधी कोणाचं लक्षच गेलं नाही. चैत्रगौरीचं हळदी-कुंकू आटोपत आलं होतं. मिशिगनमधल्या नोव्हाय गावातल्या त्या मोठ्या घराच्या दारात शेवटच्या दोघीतिघी बायका ओटीतले भिजवलेले हरभरे झिपलॉकच्या पिशवीत भरत बूट शोधत होत्या. परवाच बर्फ पडलेला, आज लख्ख ऊन. पैठण्यांवर जाड पार्का चढवून बायका आपापल्या गाड्यांकडे पळत होत्या.

काकू आराशीसमोर उभ्या होत्या. पायऱ्या-पायऱ्यांची आरास, मध्ये झोपाळ्यात गौर, भोवती कलिंगडाची कमळं, लाकडी हत्ती, काचेचे पक्षी. सगळ्यात वरच्या पायरीवर एक जागा रिकामी होती, आणि पुढच्या लिलीच्या फुलांनी ती दुपारभर झाकली गेली होती.

त्या जागेवर राणी व्हिक्टोरिया बसायची.

वीतभर उंचीची, दुधासारखी पांढरी, चिनी मातीची. मांडीवर हात, डोक्यावरून खाली आलेली जाळीची ओढणी आणि तिच्यावर इवलासा मुकुट. नरेंद्रकाका तरुणपणी सर्जरी शिकायला एडिंबराला गेले होते, तेव्हा त्यांनी ती एका जुन्या दुकानातून उचलली होती. "गौर माहेरी आलीय, तिच्या दरबारात एखादी राणी नको का?" असं म्हणून त्यांनी एका वर्षी तिला आराशीत बसवलं, आणि मग तो त्या घराचा रिवाजच झाला. दर वर्षी पन्हं पिता पिता काका जमलेल्या बायकांना तिच्या गोष्टी सांगायचे. अठराव्या वर्षी तिला पहाटे झोपेतून उठवून राज्य हातात दिलं. राणीला मागणी घालायची कोणाची छाती होईना, म्हणून तिनंच आल्बर्टला मागणी घातली. सत्तरीला टेकल्यावर हिंदुस्थानी मुन्शी ठेवून ती उर्दू गिरवायला बसली. काकांना राजवटीचं काही प्रेम नव्हतं. "तिच्या राज्यानं आपल्याला लुटलं, ते वेगळं," म्हणायचे, "पण बाई मोठी मजेशीर होती!"

काका मागच्या पावसाळ्यात गेले. या वर्षी हळदी-कुंकू होणार की नाही, यावर इथल्या महाराष्ट्र मंडळात कुजबुज झाली होती. काकूंनी एका वाक्यात ती मिटवली, "नवरा गेला म्हणून गौर माहेरी यायची थांबते का?"

"आई, आर यू शुअर तू ती ठेवली होतीस?" काकूंचा मुलगा अनय बेसमेंटमधून वर आला. सिॲटलजवळच्या बेलव्ह्यूहून तो खास आला होता. राणी त्याला हवी होती. तिला न्यायचा बबल रॅप लावलेला डबासुद्धा तयार होता आणि संध्याकाळची त्याची फ्लाइट होती.

"सकाळी फोटो काढलाय मी," काकू म्हणाल्या. फोटोत राणी होती.

आता मदतीला आलेल्या सावनीनं कान टवकारले. सावनी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत वॉरंटी विभागात होती. ब्रेक निकामी झाला, पंप गळला, की तो भाग तिच्या टेबलावर येई. मग तो का बिघडला, त्याचं मूळ कारण सापडेपर्यंत ती लोकांना "का?" विचारून विचारून भंडावून सोडी. नवऱ्याच्या मते हा तिचा पेशा नव्हता, रोग होता.

"थांबा, कोणी काही हलवू नका!" सावनी म्हणाली आणि तिनं मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला: 'आजचे सगळे सेल्फी ताबडतोब पाठवा.'

मिनिटाभरात फोटोंचा पाऊस पडला. नथी, गजरे, ओठांचे चंबू. सावनी चेहऱ्यांच्या मागं बघत होती. सगळ्यात आधी आलेल्या पाहुणीनं पादत्राणं काढायच्याही आधी आराशीबरोबर सेल्फी घेतला होता. तिनं तो मोठा केला.

लिलीची फुलं अजून पुढं ठेवलेली नव्हती, आणि वरची पायरी तेव्हाच रिकामी होती.

म्हणजे राणी पाहुण्या यायच्या आधीच गेली होती. आणि त्या वेळी घरात होते सुमेधाकाकू, अनय, काकूंच्या साताऱ्याहून आलेल्या नणंद सुलेखाआत्या, खुर्च्या पोचवायला आलेला परीक्षित, मदतीला आलेली शिवांगी आणि सावनी स्वतः.

"शिवांगी," अनय हळूच म्हणाला. "ती एक जड बॅग घेऊन लाँड्री रूमच्या दारानं बाहेर गेली होती. लपतछपत. मी बघितलंय."

२

शिवांगीला सावनीनंच आणलं होतं. नागपूरची पोरगी, लग्न होऊन सहा महिने झालेले. नवरा श्रीरंग सावनीच्याच ऑफिसात होता. नोकरीची मुभा नसलेल्या डिपेंडंट व्हिसावर घरात बसून पोरगी कोमेजत चाललीय, म्हणून सावनीनं तिला काकूंकडं आणलं आणि काकूंनी तिला दारात हळदी-कुंकू लावायच्या मानाच्या कामावर उभं केलं.

"बॅगेत काय होतं?" अनयनं तिला सगळ्यांसमोर विचारलं.

"माझं सामान होतं," शिवांगी म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला.

"दाखवशील?"

"नाही दाखवत."

संपलं! खोलीतली हवाच बदलली. पाहुण्यांबरोबर मागाहून आलेला श्रीरंग बेसमेंटमधून धावत वर आला होता. तो एकदा बायकोकडं, एकदा अनयकडं बघत राहिला.

"लुक," अनय म्हणाला, "ती माझ्या बाबांची वस्तू आहे. एअरपोर्टला निघायच्या आत मिळाली नाही, तर मी पोलिसांना फोन करणार. मग बॅग ते बघतील."

पोलीस हा शब्द उच्चारताच श्रीरंगनं खुर्चीची पाठ धरली. ज्याचं ग्रीन कार्ड अडकलेलं असतं, त्याच्या घरात या शब्दाला काय वजन असतं, ते त्या खोलीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. आणि समजा व्हिसाला काही झालं नाही, तरी चारशे घरांच्या मंडळात चोर म्हणून एकदा नाव झालं की ते पुसायला इथं कोणी बसलेलं नाही.

सावनीनं शिवांगीचा दंड धरला आणि तिला ड्राइव्हवेवर नेलं. "मला तरी सांग. मी तुला इथं आणलंय, माझीही लाज तुझ्याबरोबर जाईल."

"ताई, तुम्हीपण मला चोर समजून राहिले का?"

"डिकी उघड."

शिवांगीनं हुंदका दिला आणि डिकी उघडली. कापडी बॅग वाकडी पडली होती. सावनीनं आत हात घातला आणि थबकली. इंडियन स्टोअरचे प्लास्टिकचे डबे. रिकामे. झाकणांवर चिकटून राहिलेली आंबेडाळ, आणि खाली स्टीलच्या पातेल्यात आंबून फसफसलेली हरभऱ्याची डाळ.

"काल रात्री भिजवलेली डाळ हीटिंगपाशी ठेवून दिली, ताई. सकाळी वास मारत होती. मग दुकानातून आणली अन् माझ्या डब्यात भरली. सगळ्या म्हणत होत्या, शिवांगीच्या हाताला काय चव आहे! दोघींनी रेसिपी पण मागितली. आता कोणत्या तोंडानं सांगू?"

सावनीला हसू आवरेना. ज्या आंबेडाळीची तिनं स्वतः दोनदा वाटी भरून घेतली होती, ती दुकानातली! "वेडे, चोर ठरली असतीस एका डाळीपायी!"

"नागपूरला आईनं ऐकलं असतं तर त्याहून वाईट झालं असतं," शिवांगी डोळे पुसत म्हणाली.

दोघी हसत घरात शिरल्या. आता ही बॅग अनयसमोर उघडायची की खेळ खलास. तेवढ्यात लाँड्री रूममधून अनयची हाक आली.

"सावनी! इकडे ये. नाऊ! इथं रक्त आहे."

३

लाँड्री रूमच्या पांढऱ्या सिंकमध्ये लालसर ओघळ वाळले होते. खालच्या कचऱ्याच्या डब्यात पेपर टॉवेलचे बोळे होते, तांबडे-काळपट. शिवांगीनं तोंडावर हात दाबला.

"याच दारानं ती बाहेर गेली," अनय म्हणाला. "राणी फुटली असणार. हात कापला असेल."

"शिवांगी, हात दाखव," सावनी म्हणाली. शिवांगीनं दोन्ही हात पुढं केले. मेंदी होती, कुंकवाचे डाग होते, कापल्याचं नाव नाही.

सावनीनं एक बोळा उचलून नाकाशी नेला. अनयनं तोंड वेडंवाकडं केलं. साबणाचा वास, आणि त्याखाली दुसराही एक, ओळखीचा. तिच्या अंगावर आनंदानं काटा आला. बंद पडलेल्या पंपातून खडा सापडला की तिला असंच व्हायचं.

"काकू, लिंबू द्या!"

तिनं फोड बोळ्यावर पिळली. लाल डाग बघता बघता पिवळाधमक झाला.

"हळद!" काकू आणि शिवांगी एकदमच ओरडल्या.

हळदीला साबण लागला की ती रक्तासारखी लाल होते, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. पांढऱ्या सदऱ्यावरचा वरणाचा डाग धुवायला गेलेलं प्रत्येक माणूस एकदा तरी घाबरलेलं असतं. कोणीतरी या सिंकमध्ये हळद लागलेली वस्तू घाईघाईनं साबणानं धुतली होती.

सावनी विजयानं अनयकडं वळली. पण अनयच्या चेहऱ्यावरही विजयच होता.

"ग्रेट. हळद," तो म्हणाला. "आज सकाळपासून हळदीचं तबक कोणाच्या हातात होतं?"

सगळे शिवांगीकडं बघत होते. सावनीनं आपल्याच हातानं त्या पोरीभोवतीचा फास आवळला होता.

४

बॅग उघडली, आंबेडाळीचं बिंग फुटलं, तरी अनय हटेना. "बॅगेत नाही म्हणजे दुसरीकडे ठेवली," एवढंच म्हणाला आणि आपली सूटकेस दाराशी आणून उभी केली. सावनीकडं आता फार तर तासभर होता.

तिनं परीक्षितला गाठलं. परीक्षित बेसमेंटमध्ये क्रिकेट बघत होता. दिवसा गाड्यांची डिझाइनं काढणारा आणि शनिवार-रविवारी जुन्या वस्तूंच्या बाजारात हिंडणारा माणूस. राणी विकत घेण्याबद्दल त्यानं काकांना अनेकदा विचारलं होतं.

"मी?" तो उडालाच. "यार सावनी, मला चोरायचीच असती तर मी तिच्यासारखी दुसरी आणून ठेवली असती. एवढा तरी दर्जा ठेव माझा!"

"खुर्च्या आणल्यास तेव्हा आराशीजवळ गेला होतास?"

"गेलो ना. तिला बघायलाच. तेव्हा होती. मी काकूंना सांगितलंसुद्धा, हिच्यापासून पाणी, तेल, सगळं लांब ठेवा. वर ग्लेझचा काचेसारखा थर नसतो तिला. नुसती भाजलेली पांढरी माती, टिपकागदासारखं पितं सगळं. एकदा डाग गेला आत की संपलं."

"आणि हळद?"

परीक्षितनं छातीवर हात ठेवला. त्याचा चेहरा खरोखरच उतरला होता. "हळद लावली कोणी? राणीला? अरे देवा!" हे नाटक नव्हतं. असलं दुःख माणसाला आणता येत नाही.

राहिल्या सुलेखाआत्या. काकांची धाकटी बहीण, अठ्ठ्याहत्तरीची, कितीतरी वर्षांपूर्वी विधवा झालेली, ताठ आणि कडक. आल्यापासून पंधरा दिवसांत त्यांनी वहिनीच्या कुकरपासून मंडळाच्या गुढीपाडव्यापर्यंत सगळ्यांत खोट काढली होती. आज मात्र त्या वर आपल्या खोलीतच होत्या. काकूंनी चारदा बोलावलं. "मला नका ओढू त्यात, वहिनी. मी वर बरी," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं होतं.

सावनीनं दार वाजवलं. आत्यांनी ते चार बोटं उघडलं आणि फटीत उभ्या राहिल्या. त्यांच्या मागून उन्हाचा जाड पट्टा जिन्यावर येऊन पडला. सावनीला डोळे बारीक करावे लागले.

"डोकं ठणकतंय माझं," आत्या म्हणाल्या. "उजेड सोसवत नाही. काय हवंय?"

"आत्या, खालची राणी हरवलीय. पाहुण्या यायच्या आधी तुम्ही कोणाला आराशीपाशी बघितलंत का?"

"मी सकाळपासून खाली उतरले नाही. आणि कुठली राणी नि कुठलं काय, मला त्यातलं ठाऊक नाही."

"अनय पोलिसांना बोलावणार म्हणतोय. शिवांगीवर आळ आलाय."

आत्यांचा हात दारावर घट्ट झाला. "त्या पोरीवर? तिचा काय संबंध?" मग त्या तुटकपणे म्हणाल्या, "एवढं अवडंबर कशाला म्हणते मी! चाळीस वर्षं काळ्या कपड्यात काढली त्या बाईनं. तिची जागा काय गौरीपुढे होती?"

दार लागलं.

सावनी तीन पायऱ्या उतरली आणि तिथंच थांबली. जिन्यावर आता अंधार होता. मघाशी तिथं ऊन होतं.

५

खालून अनयचा आवाज येत होता. तो ९११ सोडून पोलिसांचा साधा नंबर शोधत होता. सावनी जिन्यावरच बसली आणि तिनं आपलं ऑफिसातलं हत्यार उपसलं. का?

राणीला हळद का लागली? कोणीतरी लावली म्हणून. चोर का लावेल? नाहीच लावणार! चोर वस्तू उचलतो आणि पळतो. तो आधी तिला हळदी-कुंकू लावून तिचा मान करत बसत नाही. म्हणजे ही चोरी नव्हतीच.

मग लावणाऱ्यानं ती धुतली का? डाग पडला, घाबरला म्हणून. घाबरला का? इथं सावनी अडली. हळदी-कुंकवाच्या दिवशी बाहुलीला हळद लागली, यात घाबरण्यासारखं काय होतं? काकूंनी लावली असती तर त्या "अगंबाई" म्हणून हसल्या असत्या. शिवांगीनं लावली असती तर फोटो काढून स्टेटसला टाकला असता. अनय आणि परीक्षित करंड्याला हात लावणाऱ्यांतले नव्हेत. डागाचं भय कोणालाच नव्हतं. ज्याला करंड्याला हात लावणंच गुन्हा वाटत होतं, त्यालाच ते भय होतं.

सावनी उठून उभी राहिली.

आणि आत्यांना राणी ठाऊक नव्हती म्हणे! खालची बाहुली नखशिखान्त पांढरी होती. तिच्याकडं बघून नवरीच वाटावी. तिच्यात काळा ठिपका नव्हता. ती बाई बेचाळिसाव्या वर्षी विधवा झाली आणि मरेपर्यंत काळं नेसली, हे बाहुली बघून कळत नाही. ते ज्याला तिचं आयुष्य माहीत आहे, त्यालाच कळतं.

पण राणी आहे कुठं? पेटीत? साड्यांच्या घडीत? सावनीनं स्वतःला विचारलं, हळदीचा डाग साबणानं गेला नाही, तर माझी आई काय करायची?

"ऊन!" ती मोठ्यानं म्हणाली.

उजेड सोसत नाही म्हणणाऱ्या बाईनं खिडकीचे पडदे सताड उघडे टाकले होते. सावनी दडदडा जिना उतरली, अनयच्या हातातला फोन बाजूला ढकलून स्वयंपाकघरातून डेकवर आणि डेकवरून मागच्या हिरवळीवर आली. नथ, नऊवारी आणि पायात काकांचे बागेतले बूट. मागून काकू, परीक्षित, श्रीरंग आणि शिवांगी, सगळे धावत आले. मावळतीच्या बाजूच्या खिडक्या उन्हानं पेटल्या होत्या.

"वर बघा!"

वरच्या मजल्यावरच्या खिडकीत, काचेला टेकून, राणी व्हिक्टोरिया बसली होती. मांडीवर हात ठेवून ती मिशिगनचं ऊन खात होती, आणि तिच्या पांढऱ्या कपाळावर हळदीचा पिवळा डाग होता.

६

"वन्सं?" सुमेधाकाकू एवढंच म्हणाल्या.

दार उघडंच होतं. सुलेखाआत्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी खालची धावपळ खिडकीतून बघितली असणार. सगळे दारात थबकले. शिवांगी आणि श्रीरंग जिन्यावरच राहिले.

"चोरी नाही केली मी, वहिनी," आत्या म्हणाल्या. "डाग गेला की संध्याकाळी गपचूप परत ठेवणार होते."

"ते कळलं. पण लावलंत का?" सावनीनं विचारलं. तिचा हा पाचवा 'का' होता आणि तो विचारताना तिचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला.

आत्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आमचे हे गेले तेव्हा मी बेचाळीसची होते. दादा इथून फोन करायचा. म्हणायचा, सुले, ती व्हिक्टोरियाही तुझ्याच वयाची होती. दहा-बारा वर्षं तोंड लपवून बसली, लोक चिडले, राज्य बुडेल म्हणाले. मग उठली आणि बाहेर आली. तू कधी उठणार? दर खेपेला हेच. मी चिडायचे. म्हणायचे, दादा, ती राणी होती, मी साताऱ्यातली मास्तरीण आहे. मला हळदी-कुंकवाला कोण बोलावतंय!" त्यांनी पदराचं टोक सोडलं. "वहिनी बोलावत होत्या. मीच येत नव्हते."

काकूंच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

"आज सकाळी पाणी प्यायला खाली गेले. वहिनी आंघोळीला होत्या, ह्या दोघी स्वयंपाकघरात. आरास बघितली तर तीच वरच्या पायरीवर, अगदी दिमाखात. डोक्यावर विधवेची ओढणी आणि गौरीच्या दरबारात पहिली जागा. मला काय झालं कोण जाणे, करंडा दिसला आणि मी तिला हळद-कुंकू लावलं. छत्तीस वर्षांनी बोटांना कुंकू लागलं माझ्या. एक क्षण इतकं बरं वाटलं! आणि मग वाटलं, हे मी काय केलं? विधवेच्या हातचं कुंकू, गौरीसमोर, पहिल्या वर्षाला, वहिनींच्या घरात! पुसलं तर जाईना. कुंकू कसंबसं निघालं, हळद लाल व्हायला लागली. हळदीला साबण लावत नाहीत हे मला कळत नव्हतं होय? पण तेव्हा काही सुचेना."

"आत्या, यू कुड हॅव जस्ट टोल्ड अस," अनय म्हणाला. त्याचा फोन त्याच्या खिशात गेला होता.

"सांगायला हवं होतं." आत्या उठल्या. त्या कोणाकडंही न बघता दारातून बाहेर आल्या आणि शिवांगीसमोर उभ्या राहिल्या. "पोरी, सावनीनं मला सांगितलं होतं, तुझ्यावर आळ आलाय म्हणून. तरी मी दार लावून घेतलं. माझी लाज मला तुझ्या अब्रूपेक्षा मोठी वाटली. कडक बाई, कडक बाई म्हणतात मला सगळे. मी भित्री आहे, दुसरं काही नाही."

शिवांगीचं नाक रडून लाल झालं होतं. श्रीरंगनं तिचा हात धरला, जाऊ या म्हणून. बरोबरच होतं त्याचं. ज्या घरात आपल्याला चोर म्हणतात, तिथं कोण थांबेल?

"शिवांगी, आय ॲम सॉरी," अनय पुढं आला. "खरंच. मी नीट विचारायला हवं होतं. मी आत्ता ग्रुपवर लिहितो, राणी घरातच होती, माझी चूक झाली. सगळ्यांच्या देखत."

"लिहा," शिवांगी म्हणाली. "आंबेडाळीचं मात्र लिहू नका."

पहिल्यांदा परीक्षित फुटला, मग काकू, मग सगळेच. त्या हसण्यात सावनीनं खिडकीतून राणीला उचललं. डाग पुसट झाला होता, पण गेला नव्हता. परीक्षितनं तिला उन्हात धरून दोन्ही बाजूंनी बघितलं आणि मान हलवली. हा आता जन्माचा. काकू म्हणाल्या, असू दे, आणि अनयला म्हणाल्या की राणी इथंच राहील. तो नाही म्हणाला नाही.

हसणं ओसरलं, तरी आत्या तशाच उभ्या होत्या, वळून खोलीत जावं की इथं थांबावं हे न कळून. सवयीनं त्यांचा एक पाय मागं सरकलासुद्धा.

शिवांगीनं नवऱ्याचा हात सोडला. ती धडाधड खाली गेली. श्रीरंगला वाटलं, निघालीच. त्यानं गाडीची किल्ली काढली. पण ती तशीच पळत वर आली, आणि तिच्या हातात हळदी-कुंकवाचं तबक होतं. वर पोचली तेव्हा तिला धाप लागली होती.

"आत्या, मी दुपारभर दारात उभी राहून सगळ्यांना लावलं," ती म्हणाली. "घरातल्या तुम्हीच राहिल्या."

सुलेखाआत्यांनी सुमेधाकाकूंकडं बघितलं. काकूंच्या कपाळावर सकाळचं कुंकू तसंच होतं. मग आत्यांनी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला, डोळे मिटले आणि कपाळ पुढं केलं.